आता पान उलट

ल्युइस्टनमध्ये जानेवारीत सकाळी शाळा भरते
तेव्हा नदीकाठच्या बंद कापडगिरणीच्या खिडक्या अजून काळ्याच असतात.
वर्गाच्या दारात बावीस जोड बूट,
वितळत्या बर्फाचं एकच तळं करून बसलेले.

भिंतीवर तक्ता. तक्त्याला लाकडी चिमटे,
कपडे वाळत घालायचे, एकेकावर एकेक नाव.
कोण कुठे बसणार ते चिमटा सांगतो:
राजमा मोजायचं टेबल,
चुंबकाच्या अक्षरांचा पत्रा,
लिहायचा कोपरा, जिथे एकाही पेन्सिलीला कधी टोक नसतं,
ऐकायचा कोपरा, जुना कॅसेट प्लेअर आणि दोन हेडफोन,
आणि माझं टेबल, काजूच्या आकाराचं.
खाचेत मी, फुगीर कडेला पाच मुलं.

हिरवा दिवा लागला की मला हाक मारायची नाही.
आधी तिघांना विचारा, मग मला.
रक्त, उलटी किंवा आग असेल तरच थेट या.
(ओडेट एकदा थेट आली.
"मिस, आग थोडीशीच असेल तर?")

पंधरा मिनिटं. टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ टिकटिकतं.
लुसिएन बी आणि डीमध्ये अडकलाय,
पोट पुढे की मागे.
मी त्याचं बोट धरून अक्षराच्या पोटावरून फिरवते,
कान मात्र पाठीमागे ठेवून.
राजमा सांडला.
आवाजावरून साठ-सत्तर दाणे. सांडू दे.

मुख्याध्यापिका दारातून डोकावतात,
"वा, मिस तिबोडो! अगदी यंत्रासारखं चाललंय."
माझे आजोबा त्या गिरणीत मागावर होते.
यंत्रासारखं चालणं म्हणजे काय
ते त्यांच्या उरलेल्या आठ बोटांना ठाऊक होतं.

मग गुलेदचा चिमटा.
मी तो राजम्याकडे लावते,
वळून बघते तर ऐकायच्या कोपऱ्यात.
पत्र्याकडे लावते, पुन्हा तिथेच.
चिमट्याला पाय फुटल्याचं वर्गात कोणीच पाहिलेलं नाही.
कॅसेटही तीच, अस्वलाची,
ऑगस्टच्या उकाड्यात, माझ्या स्वयंपाकघरात बसून
मीच वाचून भरलेली.

एक दिवस दिसलं, त्याचे ओठ हलतायत.
कॅसेट बोलते तेव्हा नाही.
ती थांबते तेव्हा.

मी उठले. हिरवा दिवा तसाच जळत राहिला.
दुसरा हेडफोन कानाला लावला.

कोणी अनोळखी बाई.
माझ्याहून सावकाश बोलणारी, मागे पंख्याची घरघर.
"गुहेत शिरताना अस्वलाला काय वाटलं असेल?" ती विचारते,
आणि थांबते.
खरंच थांबते.
तिच्या पाठीमागे काही सांडत नाही.
कोणाचं नाक पुसायचं नाही तिला, कोणाची बुटाची नाडी नाही.
"त्याला वाटलं असेल," गुलेद हळूच सांगतो,
"की आता मध्येच कोणीतरी हाक मारणार."
"बरं," ती म्हणते. "आता पान उलट."

त्याने पान उलटलं. मी काही बोलणार,
इतक्यात त्याने बोट वर केलं, थांब म्हणून.
"आता ती खोकते."
ती खोकली.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं आपण पाहुण्याला घरातली मांजर दाखवतो.

टोमॅटो कधीचा वाजून गेला होता.
राजमा पत्र्यावर पोचला होता, अक्षरं राजम्यात,
आणि काजूच्या खाचेत, माझ्या खुर्चीवर, लुसिएन
चौघांना अतिशय ठामपणे
बी उलटा शिकवत होता.

संध्याकाळी एका कोऱ्या चिमट्यावर माझं नाव लिहिलं.
कुठे लावावा ते ठरेना.
घरी पोचून कोट काढला
तेव्हा तो स्वेटरच्या बाहीला होता.